हजेरीची सही म्हणजे संमती का? (लोकांना 'विचारलं' असं कधी म्हणायचं)

ओटल्यावरचा
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, जरा लांब होईल, चहा घेऊन बसा.

आमची कॉलनी इंदूरच्या पश्चिमेला, सव्वाशेच्या आसपास घरं, निम्मी मराठी. मध्ये एक बगीचा आहे, म्हणजे बगीचा म्हणायची पद्धत, दोन झोके, एक कडुनिंब आणि बाकी मुलांनी क्रिकेट खेळून टणक केलेली जमीन. गेल्या महिन्यात रहवासी संघाची बैठक झाली. निरोप शनिवारी रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर, बैठक रविवारी सकाळी अकराला. गेलो. आधी पोहे झाले. मग एक वही फिरली, सगळ्यांनी नाव, घर नंबर, सही केली. मग अध्यक्ष काका म्हणाले की बगीच्यात एका बाजूला सामुदायिक भवन होऊ शकतं, निधी मिळण्यासारखा आहे, कोणाला काही अडचण? मागून एक जण पार्किंगचं काहीतरी बोलले, त्यांना 'ते नंतर बघू' मिळालं. बारा मिनिटांत सतरंज्या गुंडाळल्या.

या आठवड्यात पुढे पाठवलेल्या अर्जाची प्रत हाती आली. त्यात लिहिलंय 'कॉलनीतील ४७ रहिवाशांनी सर्वानुमते मंजुरी दिली आहे' आणि सोबत त्याच वहीच्या पानाची झेरॉक्स. मूळ पानावर वरती 'उपस्थिती' असं लिहिलेलं मला पक्कं आठवतंय. झेरॉक्समध्ये तो शब्द नाहीये. कागद थोडा खाली सरकला असेल.

आता भवन हवं की नको हा माझा प्रश्न नाही, मला स्वतःलाच ते नक्की माहीत नाही. प्रश्न असा की लोकांना विचारून ठरवलं असं केव्हा म्हणायचं? बोलावलं, आले, सही केली, एवढ्यात झालं का? कॉलनीचं सोडा, शहराचं, देशाचंही बोला.

जिरावण
पोहे खाल्ले ना भिया? मग झाली संमती. आपल्याकडे पोह्यावर जिरावण मसाला पडला की करार रजिस्टर होतो.

सौ_क्षिप्रा
रविवारी अकरा ही वेळ ज्याने ठरवली त्याच्या घरी स्वयंपाक आपोआप होतो बहुतेक. त्या ४७ मध्ये बायका किती होत्या, सांगाल का?

ओटल्यावरचा
@सौ_क्षिप्रा मोजल्या. पाच. त्यातल्या दोघींनी नवऱ्याच्या नावापुढे सही केली आहे.

निवृत्त_बाबू
माझी नोकरी नकाशे आणि आराखड्यांत गेली म्हणून थोडं लिहितो. शहराचा विकास आराखडा होतो तेव्हा विचारायची पद्धत कायद्यातच दिलेली आहे. आपल्या राज्याचा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम १९७३, त्याचं कलम १८. मसुदा प्रसिद्ध करायचा, वर्तमानपत्रात सूचना द्यायची, आपत्ती आणि सूचनांसाठी निदान तीस दिवस ठेवायचे, मग सुनावणी. कायदा वाईट नाही हो. पण भिंतीवर टांगलेल्या नकाशात आपलं घर सापडेपर्यंतच सामान्य माणसाचे पहिले पंधरा दिवस जातात. ज्याची जमीन हिरव्या पट्ट्यात गेली तो वकील घेऊन येतो, त्याला येणं परवडतं. ज्याला फक्त संध्याकाळी पाय मोकळे करायला जागा हवी आहे त्याचं एकट्याचं नुकसान इतकं थोडं असतं की तो कशाला आपत्ती लिहील? असे लाख लोक असले तरी लिहीत कोणीच नाही, आणि फायलीत दिसतं 'फक्त अमुक इतक्याच आपत्ती आल्या'.

दुसरं म्हणजे वेळ. विचारायचं ते केव्हा? आराखडा पूर्ण रंगवून झाल्यावर विचारलं तर माणूस फक्त हो किंवा नाही म्हणू शकतो. तुमच्या बैठकीत 'कोणाला काही अडचण?' असं विचारलं ना, तेच. 'या जागेचं काय करावं?' असं विचारलं असतं तर वेगळी बैठक झाली असती.

पुणेकर_पाहुणा
एवढ्या आपत्ती वाचून मी दचकलो, म्हटलं इंदुरात पूर आला की काय. मग कळलं की आमच्या हरकती म्हणजे तुमच्या आपत्ती, बरोबर?

जिरावण
@पुणेकर_पाहुणा बरोबर. आणि तुमच्या हरकती ऐकून आम्हाला वाटतं कोणीतरी खोड्या करून राहिलं आहे. हरकत म्हणजे इकडे तेच.

पुणेकर_पाहुणा
मुद्द्यावर येतो. आमच्याकडे २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक अशी सोय आहे. क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरायचा, आपल्या भागात काय हवं ते लिहायचं, एका कामाला पाच लाखांपर्यंत. फुटपाथ, दिवे, बस थांबा, बाकडी असली कामं. मी एकदा बाकड्यासाठी फॉर्म भरला होता, आणि ते बाकडं आलं. त्यावर बसलं की मी आसपासच्या लोकांकडे जरा वेगळ्याच नजरेने बघतो.

पण खरं सांगायचं तर यात मी आणि कार्यालय एवढंच होतं. शेजारच्या गल्लीतल्या बाईंना तिथे बाकड्याऐवजी दिवा हवा होता हे मला नंतर कळलं. आम्ही दोघं आधी बोललो असतो तर मीच दिव्याचा फॉर्म भरला असता, ती जागा खरंच काळोखाची आहे. ब्राझीलमध्ये पोर्तो अलेग्रे म्हणून शहर आहे, १९८९ मध्ये ही कल्पना तिथे सुरू झाली, आणि तिथे मूळ पद्धत वस्तीवस्तीत सभा भरवायची, लोकांनी एकमेकांसमोर बसून आधी पाणी की आधी रस्ता हे ठरवायचं आणि आपले प्रतिनिधी पुढे पाठवायचे अशी होती. आपण फॉर्म तेवढा उचलला, सभा तिथेच राहिली.

तात्या_रामबाग
फॉर्म काय, सभा काय. मी शाळेत होतो १९७० ला, नर्मदेच्या पाण्यासाठी इंदूर रस्त्यावर उतरलं होतं. तेव्हा यशवंत सागर आणि बिलावली या तलावांच्या भरवशावर एवढं मोठं शहर चालत होतं, उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरावं लागे. सरकार म्हणायचं सत्तर किलोमीटरवरून आणि तेही घाट चढवून पाणी आणणं परवडणार नाही. शेवटी योजना मंजूर करावी लागली आणि १९७८ ला नर्मदेकाठच्या जलूदहून पाणी आलं. आज नळ सोडलात तर त्या लोकांचं नाव घ्या. आम्हाला कोणी विचारायला आलं नव्हतं. आता सगळं बसल्या जागी पाहिजे.

निवृत्त_बाबू
@तात्या_रामबाग तात्या, त्याबद्दल आदरच आहे, माझे वडीलही होते त्यात. पण तेव्हा सगळ्या शहराला एकच गोष्ट हवी होती, पाणी. भांडण शहर विरुद्ध सरकार असं होतं. इथे अर्ध्या कॉलनीला भवन हवंय आणि अर्धीला झोके. इथे मोर्चा कोणावर काढणार, शेजाऱ्यावर?

तात्या_रामबाग
हे बरोबर आहे. शेजाऱ्याशी बोलणं मोर्च्यापेक्षा अवघड.

बडोद्याची_मंजिरी
मी जरा उलट बोलते, रागावू नका. प्रत्येक गोष्ट लोकांना विचारून करायची हा हट्टच चुकीचा नाही का? आमच्या सयाजीराव महाराजांनी आधी अमरेली भागात करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मोफत केलं. बैठक बोलावून 'मुलींना शाळेत पाठवायचं का, कोणाला काही अडचण?' विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं सांगा. सर्वानुमते 'नाही'. काही निर्णय लोकांच्या पुढे जाऊनच घ्यावे लागतात. बगीच्याबद्दल नाही म्हणत मी, पण विचारणं हीच पवित्र गोष्ट आहे असं धरून चाललाय तुम्ही सगळे.

सौ_क्षिप्रा
@बडोद्याची_मंजिरी मुद्दा जोरदार आहे. पण 'नाही' कोण म्हणालं असतं? बैठकीला आलेले पुरुष. ज्या मुलींना शिकायचं होतं त्या त्या बैठकीत नसत्याच. म्हणजे बैठकच चुकीची भरली असती. शिवाय सयाजीराव एखादेच निघतात, आणि आमच्या अध्यक्ष काकांना मी ओळखते.

बडोद्याची_मंजिरी
😄 शेवटचं वाक्य मान्य. बाकीचं निम्मं मान्य.

जुनी_वही
इंदूरचा विषय निघालाच आहे तर पॅट्रिक गेडिसची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्कॉटिश माणूस, नगररचनाकार. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात त्याला इंदूरचा आराखडा करायला बोलावलं. शहरात प्लेग होता, घाण होती, आणि लोकांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, कारण गल्ल्यांतून नकाशा घेऊन फिरणारा साहेब दिसला की घर पाडणार असं लोक धरून चालत. तर याने दरबाराकडून एका दिवसाची महाराजकी मागून घेतली! १९१७ ची दिवाळी. गावात दवंडी अशी की यंदाची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही, जो मोहल्ला सगळ्यात स्वच्छ होईल आणि जिथली घरं डागडुजी करून रंगवलेली असतील तिथून जाईल. झालं. गल्ल्यागल्ल्यांची चढाओढ लागली, गाड्या भरभरून कचरा गावाबाहेर गेला, भिंती रंगल्या. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता, शेवटी ते जाळले आणि तुळशीची रोपं वाटली.

१९१८ मध्ये त्याचा दोन खंडांचा अहवाल आला. त्याचं म्हणणं असं की जुनं शहर नांगर फिरवून सरळ करू नका, पायी फिरून बघा, जिथे अगदीच गरज आहे तिथेच कात्री लावा. मला नेहमी वाटतं आजच्या स्वच्छतेचं मूळ त्या उंदरात आहे, पण हे माझं आपलं मत.

सकाळची_गाडी
@जुनी_वही गोष्ट झकास, पण सहभाग कुठे आहे त्यात? मिरवणुकीचं आमिष होतं. लोकांनी झाडलं, रंगवलं, टाळ्या वाजवल्या. मिरवणूक काढायची का, पैसा गटारांवर खर्चायचा की उंदरावर, हे विचारलं का कोणी त्यांना?

आणि हेच आजच्या इंदूरलाही लागू आहे, आता मला शिव्या पडणार. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात आपण पंचविसावे होतो, २०१७ ला पहिले आलो आणि नंतर पहिला नंबर सोडलाच नाही. ओला सुका वेगळा करणं आधी दोन वॉर्डांत करून बघितलं मग सगळीकडे. लोकांनी मनापासून केलं, माझी आई पाहुण्यांनासुद्धा कोणता डबा ते सांगते. पण हे सहकार्य झालं. काय करायचं ते वरून ठरलं आणि आपण चोख केलं. सहभाग म्हणजे काय करायचं हे ठरवताना आपण त्या खोलीत असणं. आपल्या शहराला पहिली गोष्ट इतकी छान जमते की दुसरी नाही हे लक्षातच येत नाही.

जुनी_वही
@सकाळची_गाडी शिव्या कशाला. बरोबर बोट ठेवलंत. फक्त एवढंच म्हणेन की गेडिस पायी फिरला आणि लोकांशी बोलला, त्यामुळे नकाशात काय ठेवायचं ते बदललं. ते विचारणं नाही का, बैठक न भरवता केलेलं?

तात्या_रामबाग
बीआरटीएस, म्हणजे आयबससाठीची वेगळी मार्गिका, घ्या ना उदाहरण. २०१३ ला सुरू, साडेअकरा किलोमीटर, निरंजनपूर ते राजीव गांधी चौक. २०२५ ला कोर्टाचा आदेश, काढा. सुरू होताना मी वर्तमानपत्रात वाचलं, काढताना पण वर्तमानपत्रातच वाचलं. मधल्या काळात मी आयबसने रोज फिरलो, मला कुठे लिहायचं होतं ते सापडलं नाही.

मतदार_क्रमांक_शून्य
तुम्ही सगळे एक विसरताय. २०२४ ची लोकसभा. मुख्य विरोधी उमेदवाराने ऐन वेळी अर्ज मागे घेतला आणि इंदूरने 'नोटा'वर २,१८,६७४ मतं टाकली. देशात इतकी कुठेच नव्हती तोवर. हा नाही का सहभाग? आणि ज्यांनी ते केलं त्यांना

(पुढचा मजकूर पक्षीय असल्याने काढला आहे. – संपादक)

संपादक
पक्षांचं भांडण दुसऱ्या धाग्यावर. आकडा राहू दिला आहे.

निवृत्त_बाबू
आकडा राहू दिला ते चांगलं केलंत, कारण तो कामाचा आहे. सव्वादोन लाखांच्या आसपास लोक बटण दाबून सांगतात 'हे नको'. पण काय हवं, ते सांगायला त्या यंत्रावर बटण नाही. तसंच मंगळवारची जनसुनवाई, १८१ हेल्पलाइन, ३११ अ‍ॅप. मी स्वतः वापरतो आणि कामं होतात, दिवा लागतो, खड्डा भरतो. पण ती तक्रारीची खिडकी आहे, माझं घर आणि माझा खड्डा. दहा जणांचे दहा हट्ट समोरासमोर ठेवायची जागा त्यात नाही.

भाडेकरू_३०२
पहिल्यांदाच लिहितेय इथे. वाचतेय रोज. मी सहा वर्षं भाड्याने राहते, एकाच कॉलनीत, माझा मुलगा तिथल्याच बगीच्यात चालायला शिकला. बैठकीला गेले तर विचारलं 'आपण मालक का?' मी नाही म्हटल्यावर वही पुढच्या माणसाकडे गेली. कोणी वाईट बोललं नाही. वही फक्त पुढे गेली. घरमालक बंगळूरला असतात, त्यांची सही मेलवर घेतात.

सौ_क्षिप्रा
@भाडेकरू_३०२ लिहीत राहा. आणि पुढच्या बैठकीला या, माझ्या बाजूला बसा.

दगडावरची_अक्षरं
तुम्हा सगळ्यांवर एक जुना उपाय आहे, चिठ्ठ्या. तामिळनाडूत कांचीपुरमजवळ उत्तिरमेरूर म्हणून गाव आहे, तिथल्या देवळाच्या भिंतीवर दहाव्या शतकातला, परांतक चोळाच्या काळचा लेख आहे. गावाचे ३० भाग. प्रत्येक भागातल्या लायक लोकांची नावं ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून घड्यात टाकायची, घडा हलवायचा आणि एका लहान मुलाने सगळ्यांसमोर चिठ्ठी काढायची. नाव निघालं तो वर्षभर समितीवर, तळ्याची समिती, बागेची समिती वगैरे. वय ३५ ते ७०. आणि आधी समितीवर असताना ज्याने हिशेब दिला नाही तो बाद, त्याचे जवळचे नातेवाईकही बाद.

जिरावण
हिशेब न देणारा आणि त्याचे नातेवाईक बाद?? मग आमच्या संघात फक्त वॉचमन उरतो.

सकाळची_गाडी
बागेची समिती हजार वर्षांपूर्वी! पण घड्यात नाव कोणाचं जायचं तेही सांगा.

दगडावरची_अक्षरं
@सकाळची_गाडी सांगतो, लपवायचं काय. जमीनवाल्या, शास्त्र शिकलेल्या ब्राह्मण पुरुषांचंच. बायका नाहीत, राबणारे नाहीत. पद्धत घ्या, यादी घेऊ नका.

डब्लिनवासी
मूळ तिलक नगरचा, आता दहा वर्षं आयर्लंडमध्ये. इकडे चिठ्ठ्यांची पद्धत माझ्या डोळ्यांसमोर वापरली म्हणून लिहितो. गर्भपातावर इथे घटनेतच बंदी होती. २०१२ मध्ये गर्भपात नाकारला गेल्यावर सविता हलप्पनवार गेल्या ते आपल्याकडेही सगळ्यांनी वाचलं असेल. पुढारी या विषयाला हात लावायला घाबरत. मग २०१६ मध्ये ९९ साधे नागरिक आणि अध्यक्ष म्हणून एक न्यायाधीश अशी सभा बसवली. नागरिक सोडतीने निवडलेले, वय, बाई-पुरुष, प्रदेश असं सगळं देशात जसं आहे तसं जमेल असं बघून. शनिवार-रविवार बसायचे. डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंच्या संघटना येऊन बोलायच्या, मग सात-आठ जणांच्या गोल टेबलांवर चर्चा, आणि प्रत्येक टेबलावर एक माणूस असा की ज्याचं काम फक्त सगळ्यांना बोलू देणं. त्यांची शिफारस संसदेकडे गेली आणि २५ मे २०१८ ला सगळ्या देशाचं मतदान झालं, ६६.४ टक्के लोकांनी बंदी उठवायच्या बाजूने कौल दिला.

मला स्वतःला जे जाणवलं ते असं, ते ९९ लोक तज्ज्ञ नव्हते हाच फायदा होता. लोक म्हणायचे माझ्यासारखाच कोणीतरी शनिवार घालवून हे ऐकून आलाय. अर्थात त्याच सभेच्या सगळ्या शिफारशी काही पुढे गेल्या नाहीत, ते पण खरं.

पुणेकर_पाहुणा
आयर्लंड लांब पडतं. गडचिरोलीत मेंढा-लेखा आहे. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं. ग्रामसभेत बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय. आणि त्याआधी अभ्यास गट, म्हणजे निर्णय घ्यायचा नाही, नुसतं समजून घ्यायचं, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, प्रश्न विचारायचे. हे दोन वेगळे ठेवलेत ही खरी गंमत. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला त्यांना, देशात अगदी पहिल्यांपैकी. गाव शंभर घरांचंच आहे. ओटल्यावरचे, तुमच्या कॉलनीएवढंच.

बडोद्याची_मंजिरी
पण सर्वसहमती म्हणजे एक माणूस अडून बसला की सगळं ठप्प. आमच्या सोसायटीत लिफ्टच्या रंगावरून आठ महिने लिफ्ट बंद होती.

पुणेकर_पाहुणा
@बडोद्याची_मंजिरी अभ्यास गट न भरवता सर्वसहमती मागितली की असंच होतं. तुमच्याकडे रंगाचा अभ्यास झाला होता का 😀

ग्वाल्हेरचा_गजक
एवढा त्रास कशाला, व्हॉट्सअ‍ॅपवर पोल टाका. दोन मिनिटं.

ओटल्यावरचा
@ग्वाल्हेरचा_गजक टाकला होता कोणीतरी. ग्रुपवर १४० जण, मत दिलं ३८ जणांनी, त्यात एकेका घरातून तिघं-तिघं, आणि एक जण कॉलनी सोडून गेल्याला तीन वर्षं झालीत. पर्याय दोन होते, 'विकास' आणि 'विरोध'.

ग्वाल्हेरचा_गजक
मी शब्द मागे घेतो.

ओटल्यावरचा
(तीन आठवड्यांनी)

मंडळी, धागा वर आणतोय, कारण तुमच्यामुळे थोडं काहीतरी झालं. झेरॉक्सवरून मी काकांशी भांडलो नाही. क्षिप्राताईंनी व्यक्तिगत निरोप करून सांगितलं की भांडलात तर विषय 'काका विरुद्ध तुम्ही' होईल, बगीचा राहील बाजूला. त्यांचं ऐकलं. काकांकडे गेलो आणि म्हटलं, अर्ज राहू द्या, फक्त एक बैठक अजून करू, चिठ्ठ्या टाकून. ते आधी चिडले. म्हणाले, मग आम्ही निवडून कशाला आलो? खरं सांगू, याचं नीट उत्तर मला तेव्हाही नव्हतं, आजही नाहीये. माणूस बारा वर्षं फुकट राबतोय कॉलनीसाठी, टँकर बोलावण्यापासून नालीपर्यंत. त्यांना वाटलं मी त्यांना चोर म्हणतोय.

तरी तयार झाले. घर नंबरांच्या १२६ चिठ्ठ्या, मालक भाडेकरू सगळे, स्टीलच्या डब्यात. चौथीतल्या एका मुलीने १४ काढल्या. तीन घरांनी 'आम्हाला यातलं काही कळत नाही' म्हणून नाही सांगितलं, एक घर बंद होतं, त्यांच्या जागी अजून चार काढल्या. अट एवढीच की घरातून कोणीही एक जण येईल, पण लागोपाठ दोन्ही शनिवारी तोच माणूस. वेळ संध्याकाळी साडेसहा. आलेल्या १४ मध्ये ८ बायका.

पहिली बैठक वाया गेली असंच म्हणा. अर्धा तास एका कुत्र्यावर गेला. मग पार्किंग. मग एक आजोबा म्हणाले की भवन म्हणजे किती मोठं, ते कोणी सांगतच नाही. अर्जात ४० बाय ६० फूट असं लिहिलेलं होतं, सगळ्यांनी वाचलं होतं, पण ते म्हणजे केवढं हे कोणाच्याच डोळ्यांसमोर नव्हतं.

म्हणून दुसऱ्या शनिवारी टेप आणली आणि चुन्याची पिशवी. एक जण टेप धरून पुढे, मी मागे चुना टाकत. चारही रेघा मारून झाल्या आणि सगळे गप्प. दोन्ही झोके आत. पावसाचं पाणी बोरिंगमध्ये सोडायचा खड्डा आत. कडुनिंबाचं अर्धं खोड रेघेच्या इकडे, अर्धं तिकडे. भवनाच्या बाजूने सगळ्यात जोरात बोलणारे गृहस्थ त्या चौकोनात मधोमध जाऊन उभे राहिले आणि दोन मिनिटं नुसते इकडेतिकडे बघत होते.

पण माझंही तोंड बंद झालंच. कारण भवन कशाला हवं असं मी मनात धरून बसलो होतो, आणि एक बाई बोलल्या (भाड्याने राहतात, वरच्या मजल्यावर, सासूच्या तेराव्याला हॉल घ्यावा लागला होता) की भाड्याच्या दोन खोल्यांत पन्नास माणसं कुठे बसवायची, मालकांना अंगण असतं, आम्हाला नसतं. ते मला कधी सुचलंच नव्हतं, माझ्याकडे अंगण आहे.

मग चर्चा भवनावरून सरकली ती पन्नास माणसं उन्हापावसात बसतील एवढी जागा, एक नळ आणि एक संडास यावर आली. टाकीच्या बाजूला पत्र्याची शेड होऊ शकते का, हे दोघं जण विचारून येणार आहेत. ठरलं काहीच नाही अजून. दोन पर्याय खर्चासकट कागदावर लिहून घरोघरी द्यायचे, पंधरा दिवस ठेवायचे, मग सर्वांची सभा. काकांनी स्वतःहून पुढच्या कार्यालयात पत्र दिलं की सध्या अर्ज थांबवा. आणि आता दोन वह्या झाल्यात, एका वहीवर मोठ्या अक्षरात 'हजेरी', दुसरीवर 'मत'. झेरॉक्समध्ये कापलं जाऊ नये म्हणून प्रत्येक ओळीत लिहायचं असा काकांचाच आग्रह. 😄

निवृत्त_बाबू
चुन्याची रेघ! तीस वर्षं नकाशे टांगले आम्ही भिंतीवर, एकदाही हे केलं नाही.

भाडेकरू_३०२
त्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

बडोद्याची_मंजिरी
आणि घरोघर कागद दिल्यावर बहुमत मोठ्या भवनालाच निघालं तर? तेव्हा मानणार का तुम्ही?

ओटल्यावरचा
@बडोद्याची_मंजिरी मानावं लागेल. कडुनिंबापुरतं मात्र भांडेन.

तात्या_रामबाग
काकांना मान द्या हो. फुकट राबणारे कमी झालेत. त्यांनाही १४ मध्ये बसवायला हवं होतं.

ओटल्यावरचा
@तात्या_रामबाग बसले होते की, बाकावर, दोन्ही शनिवारी. फक्त बोलायचं नाही असं ठरलं होतं, ते त्यांना फार जड गेलं. टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं.

जिरावण
पोहे होते का पण?

ओटल्यावरचा
होते. सह्या झाल्यानंतर.

दगडावरची_अक्षरं
रेघ अजून आहे का? फोटो टाका.

ओटल्यावरचा
परवाच्या पावसात दोन बाजू धुऊन गेल्या. उरलेल्या दोन मुलांनी विटेने गिरवून ठेवल्यात, त्यांना बाउंड्री हवी होती.